खुर्चीची नोंद आहे, सॉफ्टवेअरची नाही

महाराष्ट्रातल्या एखाद्या सरकारी कार्यालयातली किंवा अनुदानित शाळेतली खुर्ची उलटी करून पाहिली, तर पाठीवर किंवा पायावर रंगाने लिहिलेला एक आकडा सापडतो. तो जडसंग्रह नोंदवहीतला, म्हणजे सगळे जिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात तिच्यातला. खुर्ची मोडली तरी ती उचलून भंगारवाल्याला देता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी यावी लागते, आणि मग कुठे ती कागदावरून आणि व्हरांड्यातून हलते. त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर ‘सगळ्यांचा’ म्हणून एक संगणक असतो. त्याच्याही पेटीवर डेडस्टॉक नंबर असतो. आत मात्र दहा-बारा वर्षांत येऊन बसलेली डझनावारी सॉफ्टवेअर असतात आणि त्यांतले कुठलेही, कोणीही, कोणालाही न विचारता दोन क्लिकमध्ये काढून टाकू शकतो.

हे काढून टाकणे पुण्यकर्म समजले जाते. संगणक सुरू होईस्तोवर चहा गार होतो, प्रिंटची वाट पाहून रांग लागते. मग संगणकातले थोडेफार कळणारा एखादा सहकारी खुर्ची ओढून बसतो, यादी उघडतो आणि खोलीला उद्देशून विचारतो, ‘‘हे काय आहे? लागतं का कुणाला?’’ खोली गप्प. मौन म्हणजे संमती असे धरून तो काढत सुटतो.

या साफसफाईमागचा समज उथळ आहे. जुना संगणक नको असलेल्या सॉफ्टवेअरमुळे मंदावतो, ‘नको असलेले’ कोणते हे यादीकडे पाहून कळते आणि ते काढणे हे तांत्रिक काम आहे, अशी त्या समजाची तीन अंगे. तिन्ही चुकीची. सामाईक संगणकावर ‘नको असलेले’ हा सॉफ्टवेअरच्या अंगचा गुण नसतो. कोण माणूस, कोणते काम, वर्षातला कोणता महिना आणि कोणती जुनी फाईल यांवर तो ठरतो. म्हणून ही साफसफाई मुळात दफ्तराचे काम आहे आणि तंत्राचा भाग त्यात शेवटी येतो. नोंदीशिवाय ती केली तर वेग वाढत नाही, खरा धोका जागच्या जागी राहतो आणि जे जायला नको तेच जाते.

१. वेगाचे गणित

फडताळात पडून असलेल्या पातेल्यांमुळे शेगडीवरचा भात उशिरा शिजत नाही. डिस्कवर नुसते पडून असलेले सॉफ्टवेअरही तसेच. ते जागा अडवते. प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी खात नाही. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर गोष्ट वेगळी, कारण विंडोजला अपडेट उतरवायला आणि मेमरी कमी पडली की तात्पुरता पसारा मांडायला मोकळी जागा हवी असते. एरवी वेग खातात ती न बोलावता सुरू होणारी मंडळी: प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र अपडेट तपासनीस, प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारी खिडकी, ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन्स, आणि एकाची मुदत संपल्यावर दुसरा घालताना पहिला तसाच राहिल्याने एकाच फाईलची दोनदा झडती घेणारे दोन अँटिव्हायरस.

शिवाय जुन्या संगणकाचा खरा रोग बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमध्ये असतो. तबकडीवर इतस्ततः विखुरलेले तुकडे वाचायचे तर अशा डिस्कला सेकंदाला शंभर-दीडशे फेऱ्यांच्या आसपासच जमतात. साध्या एसएसडीला हजारो जमतात. ४ जीबी मेमरीवर आजचा ब्राउझर दहा टॅब उघडून बसला की पुढचे काम तबकडीवर जाते आणि सगळे रखडते. अशा यंत्रावरून वीस सॉफ्टवेअर काढली तरी यादी तेवढी सुटसुटीत दिसते.

विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे. तिथे एखादे सॉफ्टवेअर आपोआप सुरू होणे थांबवता येते आणि ते जागेवरच राहते. थांबवणे परत फिरवता येते, काढून टाकणे सहजी फिरवता येत नाही. वेगाच्या तक्रारीला एसएसडी, थोडी जादा मेमरी आणि हे थांबवणे एवढे पुरेसे आहे.

२. धोका आहे, पण भलत्या जागी

मग काहीच काढू नये का? काढावे, आणि काही बाबतींत आजच्या आज. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ओल्ड्समार नावाचे सुमारे १५,००० वस्तीचे गाव आहे. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याला पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना दिसला. पाण्यात मिसळायच्या सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून थेट ११,१०० वर गेले. त्याने ते ताबडतोब पूर्ववत केले आणि कोणालाही इजा झाली नाही. चौकशीत टीमव्ह्यूअर या दूरून संगणक चालवण्याच्या सॉफ्टवेअरचे नाव पुढे आले. केंद्राने ते वापरणे काही महिन्यांपूर्वीच सोडले होते. काढले मात्र नव्हते. संगणक विंडोज ७ वर चालत होते आणि दूरून प्रवेशाचा पासवर्ड सगळ्यांचा मिळून एकच होता.

या प्रकरणाचा उत्तरार्ध त्याहून बोलका आहे. २०२३ मध्ये त्या शहराच्या तेव्हाच्या व्यवस्थापकाने जाहीरपणे सांगितले, की हा बाहेरचा हल्ला नव्हताच, बहुधा कर्मचाऱ्याच्याच हातून झालेली चूक होती. एफबीआयनेही बाहेरून घुसखोरी झाल्याची खात्री देता येत नाही असे म्हटले. म्हणजे जगभर गाजलेल्या घटनेत हात परक्याचा होता की घरातल्याचा, हेच ठामपणे ठरले नाही. विसरलेले सॉफ्टवेअर, सामाईक यंत्र आणि सामाईक पासवर्ड एकत्र आले की ‘कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तरच नाहीसे होते.

भारतात हा धोका घरोघरी पोचला आहे. एनीडेस्कसारख्या ॲपमधून फोनचा ताबा घेऊन खात्यातले पैसे काढले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. कार्यालयातल्या सामाईक संगणकावर अशी सॉफ्टवेअर एकेक करून जमतात: एक हिशेबाचे पॅकेज दुरुस्त करणाऱ्याने घातलेले, एक प्रिंटरवाल्याने, एक ई-निविदा भरून देणाऱ्याने. काम झाले की माणूस जातो, दार उघडेच राहते. साफसफाईला बसलेला उत्साही सहकारी मात्र ‘हे कधीतरी लागेल’ म्हणून नेमके तेच ठेवतो आणि कोणाला ठाऊक नसलेले एक निरुपद्रवी फॉन्टचे पॅकेज उडवतो.

धोका नेहमी यादीत स्वतंत्र ओळ घेऊन बसत नाही, ही दुसरी अडचण. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी विनरार या फाईली बांधणाऱ्या-उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक गंभीर त्रुटी उघड केली. तिचे वय तेव्हा १९ वर्षे होते. ‘एस’ नावाच्या, फारसे कोणी वापरत नसलेल्या जुन्या प्रकारच्या फाईली उलगडणारा एक तुकडा विनरारने बाहेरून घेतला होता. २००५ नंतर तो बदललेला नव्हता आणि त्याचा मूळ कोड विनरारकर्त्यांच्या हाताशी नव्हता. त्यामुळे त्यांनी तो दुरुस्त न करता त्या फाईलप्रकाराचा आधारच काढून टाकला. विनरार कामाचे होते, त्याच्या पोटातला तो तुकडा नको होता. यादीत पाहणाऱ्याला हा भेद दिसणार कसा?

काढणेही नेहमी पुरे होत नाही. लेनोव्होने २०१४ च्या सुमारास काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर आधीच घालून विकले. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा बोभाटा झाला. ते अनइन्स्टॉल केले तरी त्याने विंडोजमध्ये रोवलेले मूळ प्रमाणपत्र तसेच राहत होते आणि सुरक्षित म्हणवणाऱ्या वेबसाइटींची बतावणी करायला तेवढे पुरेसे होते. जावाचे प्रकरण याच जातीचे. नवी आवृत्ती घातली की संगणक सुरक्षित होतो असे वापरणाऱ्यांना भासवले गेले, पण जुन्या आवृत्त्या मागे राहत होत्या, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जावाची मालक कंपनी ओरॅकल हिच्यावर ठेवला. डिसेंबर २०१५ मध्ये तो तडजोडीने मिटला. जावाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

३. ‘लागत नाही’ म्हणजे कोणाला आणि कधी?

यंत्राला स्वतःच ठरवू दिले तर? मायक्रोसॉफ्टने हा प्रयोग केला आहे. संगणकांमध्ये फाईली वाटून घेण्याची एसएमबी-१ ही १९८० च्या दशकातली पद्धत विंडोजमध्ये पडून होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला. त्यानंतर त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीत अशी योजना आली, की होम आणि प्रो संगणकांवर एसएमबी-१ चा वापर १५ दिवस झाला नाही तर ते आपणहून निघून जाईल. संगणक बंद असलेला काळ त्यात धरायचा नाही. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण जुन्या नेटवर्क हार्डडिस्कवर वर्षातून दोनदाच बॅकअप घेणाऱ्या कार्यालयाला ती डिस्क एके दिवशी दिसेनाशी झाली, तर कारण कुठे शोधायचे ते सांगायला कोणी नव्हते.

पंधरा दिवस हे यंत्राचे कॅलेंडर झाले. कार्यालयाचे चालते तिमाहीने, मार्चअखेरने, लेखापरीक्षणाने. टीडीएसची तिमाही विवरणपत्रे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना द्यायची असतात. ती तयार करण्याची आणि तपासण्याची सरकारमान्य साधने जावावर चालतात. नोव्हेंबरातल्या एखाद्या निवांत दुपारी यादी पाहणाऱ्याला ‘जावा’ दिसते. ‘जावा आता कोण वापरतं?’ असे म्हणून तो ती काढतो. ३० जानेवारीला लेखा विभागातल्या बाईंचे काम अडते आणि त्यांना वाटते, साइटच बंद आहे. यादीत सॉफ्टवेअरचे नाव असते, कामाचे नसते. सगळा घोळ इथे आहे. शिवाय वर पाहिल्याप्रमाणे त्याच जावाच्या जुन्या प्रती खरोखर धोक्याच्या असतात. म्हणजे ‘जावा ठेवावी की काढावी?’ हा प्रश्नच चुकीचा पडतो. कोणती प्रत, कोणत्या कामासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, असे विचारावे लागते.

मराठी कार्यालयांत याहून खोल खड्डा आहे. युनिकोड सर्रास रुळण्याआधी, १९९० च्या दशकात आणि नंतरही कितीतरी वर्षे, मराठी टंकलेखन पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलरची श्री-लिपी किंवा आकृती अशा पॅकेजांवर चालले. त्यांच्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, अर्धा श, रफार, हे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत बसवलेले असत. फाईलमध्ये साठवला जाई तो रोमन संकेत. त्याला ‘ठराव क्रमांक ४’ असे रूप देण्याचे काम फॉन्ट करी. फॉन्ट गेला की तीच फाईल डोक्यावर टोप्या आणि पोटात रेघा असलेल्या रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येते.

फाईल खराब झालेली नसते. ती वाचणारा गेलेला असतो. पतसंस्थेची वीस वर्षांपूर्वीची इतिवृत्ते, शाळेच्या दाखल्यांचे मसुदे, गृहनिर्माण सोसायटीचे वार्षिक सभेचे ठराव, दिवाळी अंकाची जुनी पाने अशा रूपात किती ठिकाणी पडून असतील याची गणती नाही. साफसफाई करणाऱ्याच्या नजरेला मात्र दिसते ते एवढेच: २००४ च्या आसपासचे एक पॅकेज, शेकडो फॉन्ट, गेल्या कैक वर्षांत न उघडलेले. नको असलेल्याची याहून आदर्श व्याख्या कुठली सापडणार?

फॉन्ट बदलून युनिकोड करणारी कन्व्हर्टर साधने आहेत. पण प्रत्येक फॉन्टघराण्याची संकेतसारणी निराळी, त्यामुळे मूळ फॉन्ट कोणता हे ठाऊक असावे लागते. वर्डची फाईल निदान फॉन्टचे नाव सांगते. पेजमेकरची फाईल उघडायला पेजमेकरच लागतो, आणि ॲडोबीने त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती काढली ती २००१ मध्ये. त्यातून त्या काळची अनेक भाषिक पॅकेजे हार्डवेअर लॉकवर चालत. पाठीमागच्या प्रिंटर पोर्टला लावायचा काडेपेटीएवढा ठोकळा नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नसे. एकदा काढलेले पॅकेज पुन्हा घालायचे तर सीडी, परवाना आणि तो ठोकळा, तिन्ही शोधावे लागतात. टेबलाचा खण साफ करणारा सहसा दुसराच कोणी असतो आणि त्यालाही तो ठोकळा नको असलेलाच वाटतो.

हिशेबाच्या पॅकेजांबाबत कायदाच आडवा येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने. जुन्या टॅलीतला विदा नव्यात सरळ उघडत नाही, तो टप्प्याटप्प्याने रूपांतरित करून न्यावा लागतो. विदा राहिला आणि वाचणारी आवृत्ती गेली, तर जपणूक कागदोपत्रीच उरते.

जगाने टाकून दिलेली गोष्ट एखाद्या खात्याचा कणा असू शकते, याचा मासला दक्षिण आफ्रिकेने दाखवला. ॲडोबी फ्लॅशची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधला मजकूर चालणेच बंद झाले. तारीख तीन वर्षे आधी जाहीर झाली होती. तरी तिथल्या महसूल खात्याचे काही अर्ज फ्लॅशवरच होते. खात्याने त्याच महिन्यात फ्लॅश चालू असलेला स्वतःचा खास ब्राउझर करदात्यांना दिला. त्यावर जगभर हसे झाले, ते रास्तही होते. पण त्या खात्याच्या हाताशी ‘कोणते अर्ज कशावर चालतात’ याची नोंद वेळेत असती तर हसे झालेच नसते.

४. झाडणाराच मळका असेल तर

सहकाऱ्यावर भरवसा नको म्हणून साफसफाईचे सॉफ्टवेअर आणावे, असा एक मार्ग सांगितला जातो. सीक्लीनर हे त्यातले सर्वांत लोकप्रिय. २०१७ मध्ये १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात त्याच्या ५.३३ आवृत्तीबरोबर, कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, अधिकृत सहीशिक्क्यानिशी घातक कोड वाटला गेला. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोचली. हल्लेखोरांचा रोख त्यातल्या मोजक्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता, म्हणून सामान्य वापरणाऱ्यांचे निभावले.

विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे तिच्या सेटिंग्जची नोंदवही, ‘स्वच्छ’ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलेले आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टचेही एकदा हात पोळले आहेत. अर्धवट निघालेल्या सॉफ्टवेअरचे अवशेष पुसण्यासाठी त्यांनी विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी दिली होती. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरचे भाग बिघडवते असे दिसल्यावर २०१० मध्ये मागे घेतली. ज्याने घर बांधले त्यालाही कोणती वीट कोणाच्या भिंतीतली ते खात्रीने सांगता आले नाही. विंडोजच्या पोटात सामाईक फाईलींची एक मोजदाद असते: अमुक फाईल किती सॉफ्टवेअर वापरतात. एक सॉफ्टवेअर गेले की आकडा एकने कमी, शून्य झाला की फाईल काढायची. जुन्या काळी अनइन्स्टॉल करताना ‘ही सामाईक फाईल आता कोणी वापरत नाही असे दिसते, काढू का?’ असा प्रश्न याच मोजदादीतून येई. मोजणी चुकीची असू शकते म्हणून तर यंत्र माणसाला विचारत होते. माणूस न वाचताच ‘हो’ म्हणत होता.

५. सातबाऱ्याची रीत

तोडगा संगणकशास्त्रात शोधत बसायची गरज नाही, तलाठ्याच्या दफ्तरात तो जुनाच आहे. सामाईक जमिनीचा सातबारा उतारा केवळ भोगवटादारांची नावे सांगत नाही. त्यात ‘इतर हक्क’ असा रकाना असतो: कुळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट. जमीन नावावर नसलेल्याचाही तिच्यावर हक्क असू शकतो, हे महसुली व्यवस्थेने केव्हाच ओळखले आहे. आणि त्यात बदल करायचा तर फेरफार धरावा लागतो, संबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी १५ दिवस ठेवावे लागतात. योगायोग असा, की एसएमबी-१ ला मायक्रोसॉफ्टने दिलेली मुदतही १५ दिवसांचीच होती. फरक नोटिशीचा.

सामाईक संगणकासाठी असा उतारा करायला एक वही पुरते. सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती हे रकाने आहेतच, पण ते सर्वांत कमी महत्त्वाचे. ते तर विंडोजही देते. वहीत हवे ते विंडोजला माहीत नसलेले. हे कोणत्या कामासाठी आहे? वर्षात केव्हा लागते? कोणत्या जुन्या फाईली याच्याशिवाय उघडत नाहीत? परवाना, सीडी, लॉक कुठे आहेत? आणि शेवटी, ‘काढू नका’ असे म्हणणाऱ्याचे नाव. ‘इतर हक्क’ म्हणजे तोच रकाना.

काढण्याचा क्रम धोक्याच्या जातीवरून ठरावा. जे नेटवर्ककडे तोंड करून बसले आहे, म्हणजे दूरून ताबा देणारी साधने, मुदत संपलेले ब्राउझर आणि प्लग-इन, जावाच्या जुन्या प्रती, त्याला नोटीस कालावधी नाही. हक्क सांगणारा समोर आला नाही तर ते त्याच दिवशी जावे, आणि सांगणारा आला तरी तेवढ्या कामापुरते बसवून पुन्हा काढावे. जे डिस्कवर मुकाट पडले आहे त्याला मात्र एक पूर्ण आर्थिक वर्ष द्यावे. मार्चअखेर, लेखापरीक्षण, वार्षिक सभा, चारही तिमाही त्याच्या डोक्यावरून जाऊ द्याव्यात. सरकारी दफ्तराच्या सहा गठ्ठे पद्धतीत ‘प्रतीक्षाधीन’ असा वेगळा गठ्ठा असतो आणि ‘नष्ट करायचे’ हा वेगळा असतो, ते उगाच नाही. त्या वर्षात जुन्या फॉन्टमधल्या फाईलींचे युनिकोड रूपांतर आणि एक पीडीएफ प्रत करून ठेवता येते. मगच पॅकेज जावे, तेही संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवल्यावर.

६. हरकती

पहिली हरकत व्यवहारी आहे: विचारायला गेले की प्रत्येक जण ‘असू द्या’ म्हणेल आणि काहीच निघणार नाही. हे खरेच आहे. माळ्यावरची अडगळही अशीच वाढते. म्हणूनच तोंडी ‘असू द्या’ला किंमत नसावी. वहीत काम, महिना आणि सही टाकून हक्क सांगायचा. न सांगितला तर वर्षाने सॉफ्टवेअर जाईल. सही करायची म्हटले की बरेच हक्क आपोआप विरघळतात, हे सोसायटीच्या कुठल्याही सचिवाला विचारावे.

दुसरी अशी: इतका उपद्व्याप मोठ्या कंपन्यांत नसतो. तिथे सामान्य कर्मचाऱ्याला काही घालता-काढता येत नाही, सगळे एका केंद्रातून चालते. बरोबर आहे, पण केंद्रात बसून ते करतात काय? सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात प्रमाण मानल्या जाणाऱ्या सीआयएस नियंत्रणांच्या यादीत पहिले कलम यंत्रांची मोजदाद आणि दुसरे सॉफ्टवेअरची मोजदाद हे आहे. बाकी सगळी कलमे त्यानंतर येतात. आणि केंद्र असूनही नोंद ढिली पडली तर काय होते तेही दिसले आहे. नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीच्या सर्व्हरांवर २००३ पासून न वापरलेला कोड तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवे सॉफ्टवेअर आठपैकी सात सर्व्हरांवर गेले, आठव्यावर गेले नाही, आणि त्या आठव्यावर जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. ‘राहू दे, कुणाला खातंय’ हे धोरणही स्वस्त नसते, हे या लेखाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवे.

वेळ कुठे आहे, ही तिसरी हरकत. पन्नास ओळींची वही एका दुपारी होते. मोडक्या खुर्चीच्या निर्लेखनाला याहून जास्त वेळ जातो, इतकेच उत्तर पुरे.

चौथी हरकत मात्र वजनदार आहे आणि सध्या तिलाच जोर आहे: कशाला चाळत बसायचे, फॉरमॅट मारा नाहीतर नवा घ्या. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कितीतरी धडधाकट जुनी यंत्रे त्या दारातून आत जाऊच शकत नाहीत. ती बदलणार, आणि बदलताना माहितीच्या फाईली पेनड्राइव्हवर जाणार, सॉफ्टवेअर मागे राहणार. यादीतून एकेक नाव उडवण्यापेक्षा ही साफसफाई कितीतरी मोठी आहे. तिच्यात कोणी कोणाला ‘लागतं का?’ असेही विचारत नाही. नव्या यंत्राला प्रिंटरचे ते रुंद, २५ टाचण्यांचे पोर्ट नसते. काडेपेटीएवढा लॉक लावायचा कुठे?

जुन्या मराठी मजकुराची किंमत कळलेल्या डीटीपीचालकासाठी याचे उत्तर साधे आहे. नवा संगणक कामाला घ्यावा, जुना मोडीत काढू नये. त्याची नेटवर्कची केबल काढून टाकावी, वायफाय बंद करावे, पेनड्राइव्हने फाईली बाहेर न्याव्यात, आत काही आणू नये. महिन्यातून एखाद्या दुपारी तो सुरू करून जुन्या पुस्तकाची, स्मरणिकेची पाने उघडून पीडीएफ करत राहावे. पेटीवर कागद चिकटवून लिहावे: ‘श्री-लिपी, पेजमेकर ७. इंटरनेट लावू नये. लॉक मागच्या पोर्टला आहे, काढू नये.’ खाली तारीख, आणि ज्याला विचारायचे त्याचे नाव.